‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’चा दोन सीडींचा सेट: घ्यावा का? घ्याच!

बर्ड्स या अमेरिकन बँडचा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम १९६८ चा, आणि त्याची दोन सीडींची लेगसी एडिशन निघाली २००३ साली, तीच मी गेले चार महिने जवळजवळ रोज ऐकतोय. रॉक आणि कंट्री (अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेड्यापाड्यातलं संगीत) एकत्र आलं म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांची गाडी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’पाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. कॉलेजात गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाने ते वाजवलंय, मीपण वाजवलंय. पण ते गाणं करणाऱ्या ईगल्स बँडच्या आधी ही वाट ज्यांनी पाडली त्यांचं ऐकायचं असेल तर हा सेट घ्या.

आधी खरेदीचं सांगतो. मला खरं तर एलपी हवी होती. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, आली तर कडेला वाकलेली, सुई पहिल्याच गाण्यात दोनदा उडाली. बॉक्सवर ‘उन्हात ठेवू नये’ वगैरे लिहिलेलं होतं पण बहुतेक उन्हातच पडून राहिली असावी. पैसे परत मिळाले पण पंधरा दिवस आणि आठ मेल गेले. मग पुतण्या अमेरिकेतून येणार होता त्याला म्हटलं बाबा सीडीच आण, जुनी असली तरी चालेल. त्याने सेकंडहँड सेट आणला, केसला एक तडा आहे बाकी डिस्क स्वच्छ. आणि आता वाटतं एलपी वाकडी निघाली तेच बरं झालं, कारण एलपीवर फक्त मूळची ११ गाणी असतात आणि या सेटची सगळी गंमत त्या अकरांच्या पलीकडे जे आहे त्यात आहे. नुसती अकरा गाणी तर स्ट्रीमिंगवरही मिळतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर यात एवढं काय ते कळणार नाही. बर्ड्स म्हणजे १९६५ ला बारा तारांची रिकनबॅकर गिटार खणखणवत बॉब डिलनचं ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’ पहिल्या नंबरवर नेणारा बँड. लांब केस, लॉस एंजेलिस, तरुण पोरांचे लाडके. १९६७ संपता संपता दोन मेंबर गेले, उरले रॉजर मॅग्विन आणि ख्रिस हिलमन. ड्रमवर हिलमनचा चुलतभाऊ केव्हिन केली आला, आणि १९६८ च्या सुरुवातीला ग्रॅम पार्सन्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आला. मॅग्विनच्या डोक्यात भलतीच मोठी योजना होती, डबल अल्बम काढायचा, ॲपलाचियन डोंगरातल्या जुन्या गाण्यांपासून सुरू करून जॅझ करत करत थेट सिंथेसायझरपर्यंत अमेरिकन संगीताचा सगळा इतिहास वाजवायचा. त्यासाठी जॅझ पियानो वाजवणारा हवा म्हणून पार्सन्सला घेतलं आणि हा गडी निघाला कंट्रीवेडा. हिलमन तर मुळातच ब्लूग्रास (कंट्रीचाच बँजो-मँडोलिनवाला प्रकार) वाजवून, मँडोलिन वाजवून मोठा झालेला, त्याला आयतीच जोड मिळाली. योजना राहिली बाजूला आणि मार्च १९६८ मध्ये अख्खा बँड नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या राजधानीत.

आता आपल्याला हे एवढं मोठं वाटत नाही, पण तेव्हा रॉकवाले आणि कंट्रीवाले एकमेकांचं तोंड बघत नव्हते. व्हिएतनामचं युद्ध चालू, केस लांब की बारीक यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरायचं. कंट्री म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्या, जुन्या वळणाच्या लोकांचं संगीत असं शहरातल्या पोरांचं मत, आणि ही हिप्पी पोरं आपली टिंगल करायला आलीत असं नॅशव्हिलचं मत. अशात त्यांच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने खटपट करून यांना ग्रँड ओल ऑप्रीवर उभं केलं, रायमन ऑडिटोरियममध्ये. ऑप्री म्हणजे कंट्रीवाल्यांचं देऊळच, १९२५ पासून रेडिओवर चालत आलेला कार्यक्रम. प्रेक्षकांतून हुर्यो झाली. पहिलं गाणं मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकाचं म्हटलं, दुसरंही हॅगार्डचंच म्हणून निवेदकाने जाहीर केलं आणि पार्सन्सने ऐनवेळी बदलून आपलं स्वतःचं ‘हिकरी विंड’ सुरू केलं, हे माझ्या आजीसाठी म्हणून. लाइव्ह रेडिओवर असला प्रकार तिथे कुणी करत नसे, मंडळी चांगलीच भडकली.

पण रेकॉर्ड ऐकाल तर हा उद्धटपणा त्यात कुठेही नाही! उलट ही मंडळी नॅशव्हिलला शिकायला बसल्यासारखी वाजवतायत. मॅग्विनची ती खणखणीत बारा तारांची गिटार, जी बँडची ओळख होती, ती इथे जवळजवळ गायब आहे. स्वतःची ओळख एवढी बाजूला ठेवायला फार धीर लागतो, आणि नाव असलेल्या बँडला तर जास्तच. आपल्याकडे कसं होतं, फ्यूजन म्हटलं की दोन वाद्यं शेजारी बसवतात, एक इकडचं एक तिकडचं, दोघं आपापलं वाजवतात आणि शेवटी एकत्र जोरात तिहाई. तसलं काही इथे नाही. इथे रॉकवाल्यांनी कंट्री सरळ कंट्रीसारखंच वाजवलंय आणि तरी ते रॉकवाल्यांचं वाटतं, याचं कारण मला सापडायला दोनेक आठवडे लागले, ते पुढे सांगतो.

पहिलं गाणं डिलनचं, ‘यू एन्ट गोइंग नोव्हेअर’. गाणं सुरू होताच पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून पोलादी बारने वाजवायची गिटार. लॉइड ग्रीन नावाचा नॅशव्हिलचा नावाजलेला वादक. त्याने नंतर सांगितलेला किस्सा मला फार आवडतो. नॅशव्हिलची पद्धत अशी की गाणारा थांबला की मोकळ्या जागेत स्टीलवाल्याने भरायचं, गाणारा गातोय तेव्हा बाजूला राहायचं. ग्रीनने सवयीप्रमाणे विचारलं कुठे कुठे वाजवू, तर ही पोरं म्हणाली, सगळीकडे! इथेच ते रॉक शिरलंय बघा. ढोल वाढवून नाही, आवाज फाडून नाही, तर रॉक बँडमध्ये लीड गिटार जशी गाण्याच्या अंगावर सतत खेळत असते तशी मोकळीक त्यांनी स्टीलला दिली. हे कळल्यावर परत पहिल्यापासून ऐका, शब्दांच्या मागे, शब्दांच्या वर, दोन ओळींच्या मधे, सगळीकडे ते स्टील वाहतंय. लॉस एंजेलिसला पुढे जी गाणी झाली त्यात जेडी मानेस स्टीलवर आहे, तोही सुंदर, पण माझं मन ग्रीनवरच.

पेडल स्टीलबद्दल जरा जास्त लिहिणार, कारण माझा जीव त्यात अडकलाय. टेबलासारखं पायांवर उभं वाद्य, वादक खुर्चीवर बसून वाजवतो, बहुतेक वेळा १० तारा, डाव्या हातात पोलादी बार, उजव्या हाताच्या बोटांना नख्या, पायाखाली पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या लिव्हर, आणि वर आवाज कमीजास्त करायला आणखी एक पेडल. दोन हात दोन पाय दोन गुडघे सगळे कामाला. पेडल दाबलं की ठरावीक तारच ताणली जाते, बाकीच्या जागेवर राहतात. म्हणजे तीन सूर एकत्र वाजतायत, त्यातले दोन थांबलेत आणि एकच हळूच वर सरकतोय. आपल्या कानाला मींड ओळखीची, पण आपली मींड एकट्या सुराची असते. इथे सोबतचे सूर धरून ठेवलेले असताना मधलाच एक जण निसटतो, आणि पोटात जे काही होतं ते तिथेच होतं.

आणि हे वाद्य आपल्याला परकं मुळीच नाही. याचं मूळ हवाई बेटांवर, गिटार आडवी मांडीवर घेऊन पोलादाने वाजवायची तिथली पद्धत. ती अमेरिकेत पसरली, तिला पाय फुटले, पेडल लागले आणि ती कंट्रीची झाली. तीच पद्धत आपल्याकडेही आली, इथे तिची हवाईयन गिटार झाली. व्हॅन शिप्लेच्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्ड ज्यांच्या घरी होत्या त्यांना आठवेल. ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग वाजवले. माझ्या मामाकडे होती हवाईयन गिटार, गणपतीत कॉलनीत वाजवायचा. मामाला आता दोन्ही कानांत मशीन लागतं. त्याला मी ‘हिकरी विंड’ लावून दाखवलं, काहीही न सांगता. अर्धा मिनिट ऐकून म्हणाला, ‘अरे हा बार किती हलका धरलाय बघ, कुठे खरखर नाही.’ इंग्रजी शब्द त्याला एक कळला नाही. बार कळला.

‘हिकरी विंड’ हे या अल्बमचं काळीज. संथ, तीनच्या चालीत झुलणारं, झाडं, वारा, लहानपणीचं घर आणि लांबच्या शहरातला एकटेपणा. पार्सन्सने बॉब ब्युकॅननबरोबर ट्रेनमध्ये लिहिलं, फ्लोरिडाहून लॉस एंजेलिसला जाताना. पार्सन्सचा आवाज तसा बारीक, मधेच चिरतो, सूर कधी कधी जरा खाली राहतो, आणि त्यामुळेच ते खोटं वाटत नाही. मी नोकरीसाठी बारा वर्षं बाहेर होतो, रात्रीच्या गाडीने परत येताना घाट लागला की जे वाटायचं ते या गाण्यात आहे.

आता या अल्बमची दुखरी नस, आणि सेट का घ्यावा त्याचं खरं उत्तर. मूळ अल्बमवर पार्सन्सने गायलेली तीन गाणी शेवटच्या घटकेला मॅग्विनच्या (शेवटच्या गाण्यात हिलमनच्याही) आवाजात पुन्हा केली गेली: ‘द ख्रिश्चन लाइफ’, ‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’ आणि ‘वन हंड्रेड इयर्स फ्रॉम नाऊ’. पार्सन्स आधीच्या बँडपायी दुसऱ्या कंपनीच्या करारात अडकलेला होता, त्यावरून कोर्टकचेरीची धमकी होती, आणि हा अल्बम एकट्या पार्सन्सचा व्हायला नको असंही मॅग्विनला वाटत होतं असं निर्माता गॅरी अशरने पुढे सांगितलंय. कारण काहीही असो, पार्सन्सच्या आवाजातली ती गाणी किती वर्षं डब्यात पडून होती, ती या सेटमध्ये आहेत.

‘द ख्रिश्चन लाइफ’ दोन्ही आवाजांत एकापाठोपाठ लावा. गाणं लुव्हिन ब्रदर्स या कंट्री गाणाऱ्या भावांचं, सरळसाधं भक्तीचं: मित्र हसतात मला, हसू देत, मी देवाच्या वाटेने जाणार. मॅग्विन ते गाताना दक्षिणेतली बोली चढवतो, शब्द लांबवतो, आणि ते ऐकताना मला सारखं वाटतं की हा नक्कल करतोय. शहरातल्या नटाने गावरान बोली पाठ करून नाटकात बोलावी तसं. मॅग्विनचा हेतू वाईट नव्हता, माणूस मोठा आहे, त्याच्या इतर गाण्यांवर माझा जीव आहे, पण इथे नाही जमलं. पार्सन्स तेच गाणं गातो, तो जॉर्जियात वाढलेला, बोली त्याच्या तोंडची, आणि शब्द एकदम खरे होतात, हसणाऱ्या मित्रांचं दुःख खरं होतं. चाल तीच आणि वादकही तेच.

पण लगेच पार्सन्सला डोक्यावर घेऊ नका, कारण ‘लाइफ इन प्रिझन’मध्ये तोच घसरतो. हे मर्ल हॅगार्डचं, आणि हॅगार्ड खरोखरच सॅन क्वेंटिन तुरुंगात राहून आलेला. पार्सन्स संत्र्यांच्या बागांच्या श्रीमंत घराण्यातला, एक सेमिस्टर हार्वर्डला जाऊन आलेला. आता गाणाऱ्याने सगळं भोगलंच पाहिजे असं मी म्हणत नाही, पण निदान गाण्यात थांबायला तरी पाहिजे, हे लोक ते गाणं असं झपझप उरकतात की जन्मठेप ऐकायला आलीच नाही. मला वाटतं या अकरांतलं सगळ्यात कच्चं गाणं हेच. ‘ब्लू कॅनेडियन रॉकीज’ पण मला फिकं वाटतं, गोड आहे, पण पुढच्या गाण्यावर गेलात तरी चालेल.

‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’वर मात्र थांबा. हे कंट्रीचं गाणं नाहीच! विल्यम बेल या काळ्या गायकाचं, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं, १९६१ चं सोल गाणं, म्हणजे काळ्या लोकांच्या संगीतातलं. विहीर आटेपर्यंत पाण्याची किंमत कळत नाही, एवढाच विषय. यांनी त्यावर पियानो आणि स्टील चढवलं आणि ते जणू कायमच कंट्रीचं होतं असं वाटायला लागतं. इथे मला सगळ्या प्रकरणाचा उलगडा झाल्यासारखं झालं. रे चार्ल्स या काळ्या गायकाने १९६२ मध्ये कंट्रीची गाणी घेऊन अख्खा अल्बम केला होता, एल्विसच्या १९५४ च्या पहिल्या रेकॉर्डवर एका बाजूला काळ्या लोकांचं ब्लूज आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास गाणं होतं, काळ्या रॉकवाल्या चक बेरीचं ‘मेबलीन’ एका जुन्या फिडलच्या गाण्यावरून आलेलं. म्हणजे रॉक आणि कंट्री हे वेगळे कधी नव्हतेच, एका घरातले भाऊ, मधे भिंत घातली दुकानदारांनी आणि रेडिओवाल्यांनी. बर्ड्सनी दोन परक्यांचं लग्न लावलं असं लोक लिहितात ते मला पटत नाही. त्यांनी मधल्या दाराची कडी काढली, एवढंच.

तेव्हा मात्र कुणालाच हे आवडलं नाही. बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत अल्बम जेमतेम ७७ व्या नंबरपर्यंत पोचला. कंट्रीवाल्यांना हे हिप्पी आणि बर्ड्सच्या चाहत्यांना हे गावठी. आणि ऑगस्ट १९६८ अखेर अल्बम बाजारात आला तेव्हा पार्सन्स बँडमध्ये नव्हताच, जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला, तिथल्या वर्णभेदामुळे, जायला नकार देऊन तो लंडनमध्येच राहिला. पुढे हिलमनशी पुन्हा जमलं, दोघांनी फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स काढलं, त्यात काही काळ गिटारवर बर्नी लेडन होता, आणि हाच लेडन १९७१ मध्ये ईगल्सच्या पहिल्या चौघांत. म्हणजे आपण कॉलेजात जे वाजवायचो तिथपर्यंतची वाट अशी सरळ जोडलेली आहे. पार्सन्स १९७३ ला गेला, २६ वर्षांचा, जोशुआ ट्री गावच्या एका मोटेलमध्ये, दारू आणि मॉर्फिनने. त्याच्याविषयी लिहिणारे मरणावर चार पानं लिहितात आणि आवाजावर चार ओळी, मला त्याचा राग येतो.

सेटमध्ये आणखी काय? पहिल्या डिस्कवर अकरांनंतर जादा गाणी, त्यात केव्हिन केलीच्या आवाजातलं एक, बरं आहे. दुसऱ्या डिस्कवर पार्सन्सच्या आधीच्या बँडची, इंटरनॅशनल सबमरीन बँडची काही गाणी, आणि मग तालमी. एकच गाणं परत परत, मधेच थांबतायत, बोलतायत, पुन्हा सुरू. हे सगळ्यांना नाही आवडणार, सरळ सांगतो. माझी बायको दुसऱ्या डिस्कला उठून जाते. पण ज्यांना वाजवण्यात रस आहे त्यांच्यासाठी हे सोनं आहे, एखादी जागा पहिल्या खेपेला कशी चुकते आणि दहाव्या खेपेला कशी बसते ते कानाने दिसतं, शिकवणीच आहे ती. मूळ अल्बम सगळा मिळून जेमतेम ३२ मिनिटांचा, त्यामुळे जेवायच्या आधी एकदा पूर्ण होतो.

वाद्यांकडे लक्ष देणाऱ्यांना अजून एक, क्लॅरेन्स व्हाइटची टेलिकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) चुकवू नका. तो तेव्हा बँडमध्ये नव्हता, बाहेरचा वादक म्हणून आला, नंतर मेंबर झाला. बोटांनी तारा अशा ओढतो की गिटारमधून स्टीलसारखं निघतं. त्याने आणि जीन पार्सन्सने (हा ग्रॅमचा कुणी नाही, आडनाव तेवढं सारखं) मिळून गिटारच्या पट्ट्याला जोडलेली एक यंत्रणा बनवली, खांद्याने गिटार खाली दाबली की बी तार एक सूर वर जाते, म्हणजे पेडल पायाऐवजी खांद्यात. आणि ‘प्रिटी बॉय फ्लॉइड’मध्ये जॉन हार्टफर्डचा बँजो आहे, ड्रम नाही, तरी इतकं पळतं ते गाणं की पाय थांबत नाही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी असं करा: आधी पहिलं गाणं, मग थेट ‘हिकरी विंड’, मग ‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’ पार्सन्सच्या आवाजातलं. ही तीन आवडली तर सेट घ्या, नाही आवडली तर घेऊ नका, पैसे वाचवा. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका मात्र, स्टीलचा अर्धा जीव जातो.

आणि एक विचारायचं होतं. मामाची गिटार माळ्यावरून खाली काढलीय, पोलादी बार सापडला, पण तारा गंजल्यात आणि तारा उंच धरणारी वरची पट्टी तुटलीय. साध्या गिटारची दुरुस्ती करणारे दोघे भेटले, दोघांनीही हात लावायला नको म्हटलं. पुण्यात किंवा मिरजेत हवाईयन गिटारचं काम करणारं कुणी माहीत असेल तर खाली लिहा, मी घेऊन येतो, मामापण येईल सोबत.